गळ टाकण्याआधी पाणी बघ

बेटा, आखाजीला येतोय म्हणालास आणि सोबत फ्लायची काठी आणणार आहेस, म्हणून हे आधीच लिहून पाठवतो. हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी तू जे शिकून आलास ते चांगलंच आहे. काठी कशी फिरवायची, दोर पाण्यावर अलगद कसा ठेवायचा, हे मी तुला शिकवायची गरज नाही. सातपुड्यातलं वैशाखाचं पाणी कसं वागतं, तेवढं मात्र तुला इथे येऊनच कळेल. माझ्या मामांनी मला सांगितलं, त्यात मी माझी भर घातली. आता ते तुझ्याकडे जावं असं मला मनापासून वाटतं.

तिथला ट्राउट हा थंड मुलखाचा मासा. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मिरात आणून तो रुजवला, पुढे तो कुल्लूकडे गेला. दक्षिणेत निलगिरीच्या उंच, थंड ओढ्यांतही ट्राउट टिकला. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटवरचा गळ गुंडाळायचा, हे तुला हिमाचलातल्या माणसांनी सांगितलंच असेल. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेचं पाणीसुद्धा त्या आकड्याच्या वर असतं. म्हणून तो आकडा इथे सोडून दे, पण त्यामागचं कारण घट्ट धरून ठेव.

पाणी तापतं तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात ९ आणि ३० अंशांच्या पाण्यात साधारण साडेसात. मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराची चाल वाढते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. उन्हाळाभर मासा या कात्रीत असतो. तो कुठे उभा राहील, कधी खाईल, गळाला लागल्यावर किती वेळ झुंजू शकेल, हे सगळं त्यावरून ठरतं. मरळ तेवढा निराळा. तो पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेतो, म्हणून आटत आलेल्या डबक्यातही तग धरतो. मरळाची मजा चालली आहे म्हणून त्या पाण्यातले बाकीचे मासे सुखात आहेत असं समजू नकोस.

आता वेळेचं सांगतो. माझ्या मते उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ट्राउटवाले पहाटेला उठतात, कारण रात्रभरात पाणी निवतं आणि तेव्हा ते सगळ्यात थंड असतं. आपल्या वाहत्या ओढ्याला हे लागू आहे. पाणी दगडांवरून खळखळतं, हवा मिसळत राहते आणि पहाटे मासा तरतरीत असतो. पण गावतळी आणि पाझर तलाव मे महिन्यात हिरवे झालेले असतात. ते हिरवं म्हणजे शेवाळ. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं आणि रात्री अंधारात स्वतःच तो वापरतं. रात्रभर वापर चालला की सूर्योदयाच्या आधी तलावात प्राणवायू दिवसातला सगळ्यात कमी असतो. अशा वेळी काठावर गेलास तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील. नवख्याला वाटतं, खायला वर आलेत, आता माशी टाकावी. ते मासे घुसमटलेले असतात. त्यांना गळ लावलास तर मिनिटभराच्या झुंजीत मरतील. अशा पाण्यावर पहाटे काठी उघडायचीच नाही. हिरव्या तलावाची वेळ ऊन कलल्यावरची, सूर्यास्ताआधीचे दोन तास. दिवसभर शेवाळाने काम केलेलं असतं, प्राणवायू भरलेला असतो आणि वरचं ऊन ओसरत असतं. बगळे उथळात उतरतात, खंड्या एकाच फांदीवरून पुन्हापुन्हा सूर मारतो, चाल नावाचे बारीक मासे पाण्यावर चमकतात. हे दिसलं की टाक.

ढगांचंही तसंच. ट्राउटच्या नदीवर ढगाळ दिवस म्हणजे चांगला दिवस. आपल्याकडे मेच्या शेवटी दोन-तीन दिवस आभाळ गच्च राहिलं आणि वारा पडला, तर हिरव्या तलावाकडे फिरकू नकोस. ऊन नाही म्हणून शेवाळ प्राणवायू बनवत नाही, वारा नाही म्हणून वरून मिसळत नाही. त्यात शेवाळ मरून सडायला लागलं की पाणी हिरव्याचं तपकिरी होतं आणि वास येतो. एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांची रांग लागते आणि गावात कोणी औषध टाकलं अशी बोंब होते. पुष्कळदा कोणीच काही टाकलेलं नसतं.

तोरणमाळचा यशवंत तलाव तुझ्या मनात असणार, कारण डोंगरावरचं तळं म्हटलं की तुला हिमाचल आठवतं. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर, शहाद्यापेक्षा हजारेक मीटर वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. सात पायरीचा घाट चढून गेलं की तो फरक अंगाला कळतो. पण उंचीवर हवेचा दाबही कमी, म्हणून त्याच तापमानाच्या पाण्यात तिथे प्राणवायू आठव्या हिश्शाने कमी मावतो. गारव्याने जे मिळवलं ते बरंचसं दाबाने गेलं. तुला थंड वाटतंय म्हणून माशालाही सोपं जात असेल असं धरू नकोस. यशवंत तलावाला मे महिन्यात पर्यटकांची वर्दळ असते. तिथे फेरफटका मार, सीताखाई बघ. काठीचं मात्र स्थानिकांना विचारल्याशिवाय नाही.

खरी गंमत ओढ्यांत आणि डोहांत आहे. चैत्र सरतो तशी उदई, गोमाई आणि त्यांना मिळणारे ओढे बऱ्याच ठिकाणी धारेने वाहायचे थांबतात. काळ्या पाषाणातले डोह तेवढे उरतात. सगळे डोह सारखे नसतात. नुसतं साठलेलं पाणी उन्हात शिजतं. ज्या डोहाला खालून झऱ्याचा आधार आहे तो टिकतो. असा डोह ओळखायची सोपी खूण आहे. आपल्या डोंगरातल्या बाया कोरड्या पात्रातल्या वाळूत खड्डा करून प्यायचं पाणी भरतात, तो झिरा. जिथे झिरा लागतो तिथे वाळूखालून पाणी चालतं आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाचा डोह बहुधा जिवंत असतो. पाय घालून बघ. वर कोमट आणि घोट्याशी एकदम गार लागलं तर झरा तिथेच आहे. मासा त्याच्या आसपास असणार. पण ते झिऱ्याचं पाणी लोकांच्या घरात पिण्याचं आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरू नकोस, हात-पाय धुऊ नकोस, मासा साफ करणं तर दूरच. एखादी आजी हंडा घेऊन येताना दिसली तर बाजूला हो, तिचं पाणी भरून होऊ दे.

डोहात पाणी नितळ आणि थोडं असतं, म्हणून मासा तुला आधी बघतो. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या आत जे असतं ते त्याला नीट दिसत नाही. हिशेब असा की दहा मीटर लांब उभा राहिलास तर पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीपर्यंतचं झाकलं जातं. म्हणजे काठाच्या पातळीवर उभा असलास तर जेमतेम लपशील, खडकावर चढलास तर पूर्ण दिसशील. तेव्हा लांबून फेक, वाकून फेक, नाहीतर गुडघ्यावर बसून फेक. लीडर बारा फुटांचा ठेव. सूर्य पाठीशी घेऊ नकोस, तुझी आणि काठीची सावली डोहावर पडते. चकचकीत शर्ट नको, आणि दगडावर पाय आपटत चालायचं नाही.

काय टाकायचं? हिमाचलातली कीटकांच्या नावांच्या माश्यांची डबी घरी ठेव. डोहावर कुठलं झाड वाकलं आहे ते आधी बघ. उंबर असेल तर मासा उंबराखाली असतो, कारण महासीर फळं खातो. पलीकडे मध्य प्रदेशात त्याला बाडस म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. पिकलं उंबर टपकन पडल्याचा आवाज त्याला ओळखीचा असतो. जुन्या चपलेच्या तळव्याचा फोम कापून, तांबूस रंगवून, बोराएवढी गोळी गळावर बांध आणि ती मुद्दाम जरा जोरात पडू दे. अलगद ठेवायचं तुझं सगळं शिक्षण इथे पाच मिनिटं विसरायचं. ज्येष्ठात जांभूळ गळायला लागलं की तीच गोळी काळसर कर. काठावर वाळलेलं गवत असेल तर नाकतोड्याची माशी. यातलं काहीच नसेल तर बोटाएवढ्या चाल माशासारखी दिसणारी रुपेरी फ्लाय, खोलात नेऊन थांबतथांबत ओढायची.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर एखाद्या संध्याकाळी उधईची पाखरं जमिनीतून उठतात. पंख गळून ती पाण्यावर पडतात आणि मासे वेड्यासारखे वर येतात. फ्लायवाल्यासाठी आपल्या मुलखात याहून मोठी संध्याकाळ नाही. पण त्याच वेळी डोंगरावर पाऊस असतो. तोरणमाळच्या बाजूला वीज चमकली आणि गोमाईचं पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली, की सामान तिथेच टाकून काठ चढ. लोंढा येतो तेव्हा तुझ्या डोक्यावर पाऊस असेलच असं नाही.

नर्मदेच्या फुगवट्याचं वेगळं आहे, आणि ते सांगताना मला जड जातं. अक्राणी आणि अक्कलकुवा मिळून आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. बिलगावला उदई आणि तितोडीच्या संगमावर धबधबा होता. तिथे २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने छोटी वीजनिर्मिती उभी केली, मुलांच्या शाळेत दिवे लागले, आणि २००६ मध्ये ते सगळं याच पाण्यात गेलं. २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. तू ज्या पाण्यावर दोर टाकशील त्याच्या खाली कोणाचं शेत, कोणाचं घर, कोणाचे देव आहेत. तिथे आरडाओरडा करायचा नाही, मासा हातात धरून नाचायचं नाही. नर्मदा वाहती होती तेव्हाचा महासीर आता तिथे फार कमी झाला आहे, कारण त्याला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो. आता रोहू, कटला, शिंगाडा हे जास्त.

हा फुगवटा मोठा आणि खोल असल्याने गावतळ्यासारखा हिरवा होऊन घुसमटत नाही, म्हणून तिथे पहाट चालते. उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत पाणी शांत असतं. नंतर खोऱ्यातून पश्चिमेचा वारा वर चढतो आणि दुपारी काठी हातात धरवत नाही. वारा ज्या काठावर येऊन आपटतो त्या काठाला पडलेले किडे गोळा होतात आणि लाटांनी हवाही मिसळते. संध्याकाळी टाकायचं असेल तर तोच काठ. उन्हाळ्यात खोल तळाचं पाणी गार असलं तरी तिथे प्राणवायू कमी असतो. म्हणून मासा तळाला बसत नाही, मधल्या थरात राहतो. दोर तळापर्यंत बुडवत बसू नकोस.

तिथले धोके नीट ऐक. उन्हाळ्यात पातळी उतरते आणि पावसाळ्यात पाण्याखाली असलेला गाळ उघडा पडतो. वरून वाळून तडकलेला दिसतो, आत मांडीपर्यंत ओला असतो. गुरं त्यात रुतून मेली आहेत, माणसंही अडकली आहेत. गुरांच्या रोजच्या वाटेनेच पाण्याशी जा, नवी वाट काढू नकोस, आणि एकटा तर अजिबात जाऊ नकोस. दुसरं म्हणजे मगर. मगरीची मादी माघ-फाल्गुनाच्या सुमाराला काठावर अंडी घालते आणि मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात, तोवर ती घरट्यापाशी राखण करते. म्हणून हेच दिवस जास्त जोखमीचे. पाण्यात उभं राहून फेकायची तुझी सवय इथे बंद. काठापासून दोन-तीन मीटर मागे, कोरड्या दगडावरून फेक, आणि दिवेलागणीच्या आत निघ. तिसरं, जाळी. पाण्यावर रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या तर ती कोणाच्या तरी पोटाची जाळी आहे. बुडालेल्या गावांतल्या लोकांनी मच्छीमारी संस्था करून मोठ्या कष्टाने या पाण्यावर आपला हक्क मांडला आहे. आधी त्यांच्याशी बोल. होडी त्यांचीच घे, आणि भाडं घासाघीस न करता दे.

परवानगीचं एकदाच सांगतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण, आणि शहादा-नंदुरबारमधली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथे छोट्या जलसाठ्यांचा कारभार गावाकडे आहे. गावात शिरलास की आधी कारभाऱ्याकडे जा, वडीलधाऱ्यांना ‘बाबा’ म्हण, कुठून आलास, कोणाकडे उतरलास ते सांग, मग डोहाचं विचार. काही डोह देवाचे असतात, तिथे कोणी मासा मारत नाही. नको म्हटलं तर का म्हणून विचारू नकोस. प्रकाशाला तापीच्या घाटावरही काठी काढायची नाही, लोक तिथे पिंडदानाला येतात.

मासा लागला तर लवकर संपव. ट्राउटवाले बारीक तंगूस वापरून हळूहळू दमवतात, त्यात त्यांना कौशल्य वाटतं. गरम पाण्यात लांबलेली झुंज म्हणजे सोडल्यावर मेलेला मासा. टिपेट जाड लाव आणि दोन-तीन मिनिटांत काठाशी आण. गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून ठेव, म्हणजे सोडवायला वेळ लागत नाही. हात ओले कर. वैशाखातला खडक चटका देतो, त्यावर माशाला ठेवलंस तर अंगाचा बुळबुळीत थर निघून जातो आणि जखमेत बुरशी धरते. सोडवायचं ते पाण्यातच सोडव. फोटो पाण्यातलाच काढ. मग धारेकडे तोंड करून त्याला धर आणि तो स्वतः निसटेपर्यंत सोडू नकोस. खायचा असेल तर एक मासा ठेव आणि लगेच मार. दोरीला अडकवून तासभर कोमट पाण्यात टांगून ठेवू नकोस. पोटात अंडी असलेली मादी कधीच ठेवायची नाही. दुपारी पाणी ३० अंशांच्या वर गेलं की मी स्वतः काठी बंद करतो, सावलीत बसतो. तूही बस.

सामानाचं थोडक्यात. थंड पाण्यासाठी बनवलेला दोर आपल्या उन्हात मऊ पडून चिकटतो. गरम प्रदेशासाठीचा दोर घे, सहा किंवा सात नंबरच्या काठीला बसेल असा. गाडीत काचा बंद करून रीळ ठेवू नकोस. डास पळवायचं मलम लावलेल्या बोटांनी दोर धरलास तर त्याचं वरचं आवरण खराब होतं, तळहात पुसून घे. पाण्यात बुडवता येईल असा साधा थर्मामीटर आण. ताक, कैरीचं पन्हं आणि मीठ-साखरेचं पाणी मी घरून देईन. पारा ४२-४३ वर असतो, तहान लागायची वाट बघायची नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते मला सगळ्यात जास्त टोचतं. आटलेल्या डोहात सगळे मासे एका जागी गोळा झालेले असतात, आणि हीच संधी साधून काही जण जिलेटिन फोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात, बॅटरीचा करंट सोडतात. १८९७ च्या कायद्यापासून स्फोटकं आणि विष दोन्हींना बंदी आहे. पूर्वी गेळफळ, हिंगणबेट कुटून टाकायचे, तेसुद्धा गाव मिळून, ठरल्या दिवशी. आता एक माणूस रात्रीत डोह संपवतो. पुढच्या पावसात वरच्या ओढ्यांत बीज भरतं ते याच उरलेल्या माशांकडून. डोह मेला की तो ओढा कित्येक वर्षं रिकामा राहतो. असं काही दिसलं तर तू एकटा भांडायला जाऊ नकोस. गावात येऊन सांग, पोलीस पाटलांना सांग. मी सोबत येईन.

रोहिणी संपून मृग लागला की काठी गुंडाळायची. पहिल्या पुराबरोबर पोटात अंडी घेतलेले मासे वरच्या उथळ धारांकडे चढतात. पोरं त्या चढणीच्या माशांना काठीने झोडपतात, टोपलीने उचलतात. तुला कोणी चल म्हटलं तरी जाऊ नकोस. पुढे पावसाळाभर पाणी गढूळ. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा झाली की ओढे निवळलेले, वाहते असतात. तेव्हा सुट्टी काढून ये, आणि येताना पाच नंबरची हलकी काठीही आण, त्या पाण्याला ती पुरते.